वाचक विचारतात: अथेन्सहून एका दिवसात अवशेष किती, बंदरं किती?

अथेन्समधून खासगी गाडी करून ग्रीसच्या पेलोपोनीज या द्वीपकल्पाच्या ईशान्य कोपऱ्यात जायचं आणि रात्री मुक्कामाला परत यायचं, या एकाच प्रवासाबद्दल बरीच पत्रं आली आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: आम्ही चौघं आहोत. एका एजन्सीने आठ तासांत कोरिंथचा कालवा, प्राचीन कोरिंथ, मायसीनी, नाफ्प्लिओ आणि एपिडॉरस अशी पाच ठिकाणं लिहून दिली आहेत. जमेल का? (ठाणे)

उत्तर: गाडी पाचही ठिकाणी थांबेल. तुमचं बघणं मात्र होणार नाही. हिशेब मांडून पाहा. अथेन्स ते कालवा सुमारे 80 किलोमीटर, म्हणजे सकाळची गर्दी धरून सव्वा तास. कालव्यापासून प्राचीन कोरिंथ पंधरा मिनिटं, तिथून मायसीनी पस्तीस ते चाळीस, मायसीनी ते नाफ्प्लिओ अर्धा तास, नाफ्प्लिओ ते एपिडॉरस चाळीस मिनिटं आणि एपिडॉरसहून अथेन्सला परत दोन तास. झाले सव्वापाच तास नुसते चाकांवर. उरलेल्या पावणेतीन तासांत पाच ठिकाणं, जेवण, प्रसाधनगृह आणि तिकिटाच्या रांगा. मायसीनीलाच नीट पाहायचं तर दीड-पावणेदोन तास जातात.

आमच्या मते एका दिवसात मोठे अवशेष दोन, निवांत बंदर एक आणि कालव्यावर पंधरा मिनिटं, एवढंच धरावं. त्यासाठीही आठ नाही, बारा तास लागतात. उन्हाळ्यातला क्रम असा लावा: सकाळी सातला अथेन्स सोडायचं आणि वाटेत कालव्यावर न थांबता थेट मायसीनी गाठायचं, साडेआठ-पावणेनऊला. त्या टेकडीवर सावली जवळजवळ नाही, म्हणून ती पहिली. साडेदहाला निघून साडेअकराला एपिडॉरस. तिथलं प्राचीन रंगमंडळ, म्हणजे उघडं नाट्यगृह, उन्हात असलं तरी आजूबाजूला पाइनची झाडी आहे, दुपार सोसवते. एकला निघून पावणेदोनला नाफ्प्लिओत जेवण आणि साडेचार-पाचपर्यंत बंदर. परतीच्या वाटेवर कालवा, सात-सव्वासातला मुक्कामी.

हिवाळ्यात हा क्रम कोसळतो, कारण बरीचशी ठिकाणं दुपारी साडेतीनच्या सुमारास बंद होतात. तेव्हा दोन्ही अवशेष दुपारी दोनच्या आत संपवा आणि जेवण पुढे ढकला. 1 जानेवारी, 25 मार्च, 1 मे, ग्रीक ईस्टरचा रविवार, 25 आणि 26 डिसेंबर या दिवशी ठिकाणं बंद असतात. ग्रीक ईस्टर आपल्या कॅलेंडरातल्या ईस्टरच्याच दिवशी येतो असं नाही, त्यामुळे तारीख वेगळी तपासा. कडक उष्णतेच्या लाटेत दुपारचे काही तास ठिकाणं बंद ठेवण्याचे आदेशही अलीकडच्या उन्हाळ्यांत निघाले आहेत. सकाळी सातला निघण्याचं हे आणखी एक कारण.

प्राचीन कोरिंथ गाळलं म्हणून हळहळू नका. ते घ्यायचंच असेल तर एपिडॉरस सोडा. मायसीनी मात्र सोडू नका.

प्रश्न: 'प्रायव्हेट टूर विथ इंग्लिश स्पीकिंग ड्रायव्हर' असं कोटेशन आलं आहे. म्हणजे गाइड आला ना? (पुणे)

उत्तर: नाही आला. सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच होतो. ग्रीसमध्ये पुरातत्त्व स्थळाच्या आत माहिती सांगण्याचा अधिकार परवानाधारक गाइडलाच आहे. चालक गाडीत इतिहास सांगेल, हौशी असेल तर छान सांगेल, पण फाटकापाशी तुम्हाला सोडून गाडीत जाऊन बसेल. तो कामचुकार आहे असं समजू नका, कायदाच तसा आहे. गाइड हवा असेल तर तो वेगळा आणि आधी ठरवावा लागतो. अथेन्सहून सोबत घेतला तर त्याचा पूर्ण दिवस मोजला जातो आणि गाडीतली एक जागा जाते. नाफ्प्लिओ परिसरातला गाइड थेट मायसीनीच्या फाटकावर भेटायला बोलावणं बहुधा परवडतं.

पैसे भरण्यापूर्वी एवढं लेखी मागा: एकूण तास किती आणि पुढच्या तासाचा दर काय, टोल आणि पार्किंग धरलं आहे का (अथेन्स-कोरिंथ महामार्गावर आणि पुढे त्रिपोलीच्या रस्त्यावर टोल आहेत), प्रवेशतिकिटं कोणाची, चालकाच्या जेवणाचं काय, आणि गाडी कोणती. चौघांना साधी सेडान पुरते खरी, पण मागे तिघं बारा तास बसणार असतील तर व्हॅनच घ्या.

तिकिटं बहुतेक वेळा कोटेशनमध्ये नसतात. 2025 च्या एप्रिलपासून दर बरेच वाढले आहेत आणि हिवाळ्यातली जुनी अर्ध्या दराची सवलतही गेली. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतले आकडे धरून बजेट करू नका. ग्रीक संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत ई-तिकीट संकेतस्थळावर त्या दिवसाचा दर पाहा. पंचवीस वर्षांखालच्यांना मोफत प्रवेश असं वाचून कॉलेजातल्या मुलांचं तिकीट न काढता जाऊ नका. ती सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे, फाटकावर पासपोर्ट पाहतात. सगळ्यांनाच मोफत असे दिवसही आहेत: 6 मार्च, 18 एप्रिल, 18 मे, सप्टेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार, 28 ऑक्टोबर आणि नोव्हेंबर ते मार्चमधला प्रत्येक पहिला रविवार. पैसे वाचतात, पण गर्दी वाढते.

प्रश्न: मायसीनीला जाऊन आलेले लोक 'नुसते दगड' म्हणतात. काय पाहायचं ते सांगाल का? (औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: वेरूळच्या वाटेवर राहणाऱ्याला दगड कसा पाहायचा हे आम्ही काय सांगावं! तरी दोन जागा सांगतो.

पहिली सिंहद्वार, म्हणजे टेकडीवरच्या किल्ल्याचं दार, इसवी सन पूर्व 1250 च्या आसपासचं. आत घुसण्याआधी उभं राहून वर पाहा. दाराच्या आडव्या दगडावर भिंतीत एक त्रिकोणी पोकळी ठेवली आहे आणि ती पातळ कोरीव शिळेने झाकली आहे. त्या शिळेवरच दोन सिंहिणी आहेत. पोकळी शोभेची नाही. वरच्या भिंतीचं वजन आडव्या दगडाच्या मध्यावर आलं असतं तर तो तडकला असता. त्रिकोणामुळे ते दोन्ही बाजूंच्या खांबांवर उतरतं. सिंहिणींची डोकी वेगळ्या दगडाची करून बसवली होती, ती हरवली. खाचा दिसतात.

दुसरी जागा आत्रेउसचा खजिना. ही मुख्य टेकडीवर नाही, अलीकडे रस्त्यालगत सुमारे 500 मीटरवर आहे. तिकीट तेच चालतं. चालकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर गाडी पुढे निघून जाते आणि लोक ही जागा न पाहताच परततात. नाव खजिना असलं तरी हे थडगं आहे. 36 मीटर लांब, दोन्ही बाजूंनी भिंती असलेली वाट आणि शेवटी आभाळाएवढं दार. दारावरचा आतला आडवा दगड अंदाजे 120 टनांचा. आत 14.5 मीटर व्यासाचा, साडेतेरा मीटर उंच घुमट. खरी कमान इथे नाही: दगडांचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा जरासा आत सरकवत नेला, मग आतली बाजू तासून गुळगुळीत केली. बरोबर मध्यावर उभं राहून एकदा पाय आपटा. आवाज कुठून परत आला ते कळत नाही.

किल्ल्याच्या पूर्व टोकाला भूमिगत टाक्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. काळोख मिट्ट असतो आणि दगड ओले. मोबाइलच्या उजेडात उतरताना एक हात भिंतीला राहू द्या. आणि एक: सोन्याचा प्रसिद्ध 'अगामेम्नॉनचा मुखवटा' इथे नाही. उत्खनन करणाऱ्या श्लीमानला तो 1876 मध्ये इथल्या थडग्यांत मिळाला, पण अस्सल वस्तू अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तो आदल्या दिवशी पाहून या.

प्रश्न: कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची मूर्ती पाहिली तेव्हापासून ग्रीक बंदरांबद्दल कुतूहल आहे. सगळे मंदिरंच दाखवतात. प्राचीन बंदरं पाहता येतात का? (कोल्हापूर)

उत्तर: येतात, आणि तुमच्यासाठी आम्ही वरचा सगळा क्रम मोडायला तयार आहोत. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ती छोटी ब्राँझ मूर्ती ज्या देवाची आहे, त्याचं मोठं क्षेत्र कोरिंथच्या संयोगभूमीवर, म्हणजे दोन आखातांमधल्या चिंचोळ्या जमिनीवर, होतं. जागेचं नाव इस्थमिया. तिथे दर दोन वर्षांनी पोसायडनच्या नावाने खेळ भरत.

कोरिंथ श्रीमंत का झालं, हे बंदरं पाहिल्याशिवाय कळत नाही. शहराला दोन बंदरं होती: पश्चिमेच्या आखातावर लेखाइऑन, इटलीकडे तोंड केलेलं, पूर्वेच्या आखातावर केंख्रेआय, आशियाकडे तोंड केलेलं. मधली जमीन सहा-सात किलोमीटरची. ती ओलांडली नाही तर पेलोपोनीजला अख्खा वळसा, तोही वाऱ्याने बदनाम असलेल्या टोकावरून. म्हणून इसवी सन पूर्व 600 च्या सुमारास दगडी फरसबंदीची एक वाट बांधली, तिचं नाव दिओल्कोस. तिच्यावरून माल आणि प्रसंगी जहाजंही ओढून पलीकडे नेत. तिचे तुकडे कालव्याच्या पश्चिम टोकाला, पोसिदोनियापाशी दिसतात.

कालवा खणायचा प्रयत्न रोमन सम्राट नीरोने इसवी सन 67 मध्ये केला, तो त्याच्याबरोबरच संपला. आजचा कालवा 1882 ते 1893 मधला: लांबी 6.3 किलोमीटर, पाण्याच्या पातळीवर रुंदी जेमतेम 25 मीटर, कडे काही ठिकाणी 80 मीटरच्या आसपास. एवढ्या चिंचोळ्या घळीतून आजची मोठी मालवाहू जहाजं मावतच नाहीत, शिवाय कडे ढासळत असल्याने तो मधूनमधून बंद ठेवावा लागतो. बोट दिसेलच असं धरू नका. महामार्गाच्या पुलावरून कालवा डोळ्याची पापणी लवते न लवते तोच मागे पडतो, म्हणून चालकाला जुन्या रस्त्यावरच्या पुलाशी थांबायला सांगा; तिथे पायी चालता येतं. दोन्ही टोकांना असलेले पूल तर बघण्यासारखे आहेत: बोट आली की ते वर उचलले जात नाहीत, पाण्यात बुडतात.

केंख्रेआय इस्थमियाच्या दक्षिणेला काही मिनिटांवर आहे. भूकंप आणि जमीन खचणं यांमुळे धक्क्याच्या इमारती पाण्यात गेल्या. किनाऱ्यावरूनच भिंतींच्या रेघा पाण्याखाली दिसतात. सकाळी वारा नसताना पाणी काचेसारखं असतं तेव्हा जा, दुपारी लाटा उठल्या की काहीच कळत नाही. खडक निसरडे आणि समुद्री साळ्यांच्या काट्यांचे, तेव्हा पाण्यात उतरायचं तर रबरी बूट हवेत. इथे पाण्यात पेट्यांमध्ये बांधलेले काचेच्या जडावाचे फलक सापडले, ते इस्थमियाच्या संग्रहालयात आहेत. कालवा, केंख्रेआय, इस्थमिया, प्राचीन कोरिंथ आणि लेखाइऑन असा दिवस केलात तर गाडीत फार वेळ जात नाही आणि विषय एकच राहतो.

प्रश्न: आई-बाबा सत्तरीचे, दोघांचे गुडघे दुखतात. नाफ्प्लिओच्या किल्ल्याला 999 पायऱ्या आहेत म्हणे. (नागपूर)

उत्तर: पायऱ्या 999 हे गावाचं लाडकं गणित. मोजणाऱ्यांचे आकडे त्याहून कमी भरतात, पण गुडघ्यांना तो फरक कळायचा नाही. पालामिदी किल्ला 216 मीटर उंचावर आहे आणि मागच्या बाजूने डांबरी रस्ता थेट फाटकापर्यंत जातो. चालकाला वरच न्यायला सांगा. आत चढ-उतार आणि उघडे कडे आहेत. आई-बाबांनी पहिल्या बुरुजावरून बंदर पाहावं, तुम्ही आत फिरून या. व्हेनिसच्या लोकांनी तो 1711 ते 1714 मध्ये बांधला आणि 1715 मध्ये तुर्कांकडे गमावला.

खाली गाव सपाट आहे. जुन्या भागात गाड्या जात नाहीत, धक्क्यालगत मोठा वाहनतळ आहे, तिथून सिंतागमा चौक पाच-सात मिनिटांवर. चौकातली संगमरवरी फरशी घासून आरशासारखी झाली आहे, ओली असेल तर चामडी तळव्याची चप्पल घात करते. समोर पाण्यातला छोटा किल्ला बुर्त्सी. आपल्याला जंजिरा आठवतो, पण हा त्याच्या मानाने खेळण्यातला. तिथून किनाऱ्यापर्यंत साखळी ओढून बंदर बंद करत. एकोणिसाव्या शतकात पालामिदीवरचे जल्लाद इथे राहत, कारण गावात त्यांना शेजारी नको होते. धक्क्यावरून होड्या सुटतात, पण होडीत चढताना पाय उंच टाकावा लागतो. हे गाव 1834 पर्यंत स्वतंत्र ग्रीसची राजधानी होतं, हेही आई-बाबांना सांगा.

मायसीनीला चढ आहे, दगड उंचसखल. त्यांच्यासाठी आत्रेउसचा खजिना आणि संग्रहालय पुरे. एपिडॉरसला रंगमंडळाच्या खालच्या वर्तुळापर्यंत, म्हणजे नट उभे राहतात त्या गोल जागेपर्यंत, चालत जाता येतं, पायऱ्या चढायलाच हव्यात असं नाही.

प्रश्न: एपिडॉरसला मध्यावर टाचणी टाकली तरी शेवटच्या रांगेत ऐकू येते, हे खरं का? आमचा हौशी नाट्यगट जाणार आहे. (सांगली)

उत्तर: टाचणीचं सोडा. पण साध्या आवाजात नीट उच्चारलेलं वाक्य वरपर्यंत पोचतं, हे खरं आहे, आणि नाट्यगटाला तेच महत्त्वाचं.

रचना समजून घ्या. खाली 34 रांगा, मग आडवी वाट, वर 21 रांगा. एकूण 55. इसवी सन पूर्व चौथ्या शतकातलं हे बांधकाम डोंगराच्या उतारावर टेकलं आहे आणि पुढे मातीखाली गाडलं गेल्याने टिकलं. चुनखडीच्या बैठकांच्या रांगा खालच्या पट्टीतला गोंगाट, म्हणजे वारा आणि गर्दीची गुणगुण, दाबतात आणि वरच्या पट्टीतला आवाज परतवतात. मराठीत बोलायचं तर स्वर थोडा हरवतो, व्यंजनं टिकतात. म्हणून ओरडलात तर शब्द फुटतात आणि स्पष्ट बोललात तर पोचतात.

प्रयोग असा करा. एकाने वर्तुळाच्या मध्यावरच्या गोल दगडावर उभं राहावं. एक जण 34 व्या रांगेत, एक जण 55 व्या रांगेत. त्यांना आधी माहीत नसलेलं वाक्य बोला, पाठ असलेली स्वगतं नकोत. पाठ असलं की कान आपणच शब्द भरतो. मग दगडावरून दोन पावलं बाजूला होऊन तेच करा. फरक बोलणाऱ्यालाच आधी जाणवतो. साडेदहा ते एक या वेळात बसगाड्यांचे गट येतात आणि प्रत्येक जण टाळ्या वाजवतो. अशा वेळी थांबा, दोन गटांच्या मध्ये चार-पाच मिनिटांची शांतता मिळतेच. मोठ्याने गाणं किंवा प्रवेश सादर करणं रखवालदार थांबवतात. ड्रोन चालत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये शुक्रवार-शनिवारी रात्री महोत्सवाचे प्रयोग असतात. त्या आठवड्यांत वर्तुळात नेपथ्य उभं असतं आणि मधला दगड झाकलेलाही असू शकतो. प्रयोगच पाहायचा असेल तर मुक्काम नाफ्प्लिओत करा. रात्री उशिरा संपल्यावर अथेन्सला दोन तास परतणं चालकाला आणि तुम्हालाही नको.

प्रश्न: आम्ही शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. (बोरिवली)

उत्तर: शाकाहार्‍यांची चंगळ आहे, फक्त शब्द बरोबर वापरा. 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर कधी मासे, कधी चिकनचं पाणी येतं. 'निस्तीसिमो' म्हणा: ग्रीक चर्चच्या उपवासाचा पदार्थ, म्हणजे मांस, दूध, अंडी नाही. पण कोळंबी-माकूळ त्यात चालतात, तेव्हा ते नको हे वेगळं सांगा. 'खोरीस क्रेआस' म्हणजे मांसाशिवाय. यिगांतेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल, फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, ब्रियाम म्हणजे तेलात भाजलेल्या मिश्र भाज्या. येमिस्ता म्हणजे भरले टोमॅटो-मिरच्या. त्यात कधी खिमा असतो, विचारूनच घ्या. बटाट्याच्या फ्राइज मासळीच्याच तेलात तळलेल्या असू शकतात.

सासूबाईंसाठी या कशातच कांदा-लसूण चुकत नाही. त्यांना खोर्ता मागवा: उकडलेला रानपाला, वर लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. सोबत पाव, ऑलिव्ह आणि फळं. चालत असेल तर दही-मध. थेपले गाडीत असू द्या, स्थळाच्या आत खाऊ नका.

प्रश्न: गाडी भाड्याने घेऊन स्वतः गेलो तर? (डोंबिवली)

उत्तर: भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना हवा. तो निघण्यापूर्वी आरटीओतून घ्यावा लागतो आणि वर्षभर चालतो. गाड्या उजवीकडून चालतात आणि स्वस्तातल्या बहुतेक गिअरच्याच असतात.

खरी गडबड नावांत होते. 'कोरिंथ' टाकलं की नकाशा आधुनिक शहरात नेतो. अवशेष आर्खेआ कोरिन्थोस या गावात आहेत, सात-आठ किलोमीटर दूर. पाट्यांवर मायसीनी 'मिकीनेस' असते. 'एपिदावरोस' नावाच्या तर जागाच अनेक: पालेआ एपिदावरोस हे समुद्रावरचं गाव, नेआ एपिदावरोस त्याच्या शेजारी आणि मोठं रंगमंडळ आत डोंगरात, लिगूरिओजवळ. पालेआ एपिदावरोसलाही एक छोटं प्राचीन रंगमंडळ आहे, त्यामुळे चुकीच्या जागी पोचलेल्यांना चूक लवकर उमगत नाही! मोठं रंगमंडळ अस्क्लिपिओस या देवाच्या क्षेत्रात आहे, म्हणून नकाशात 'अस्क्लिपिओस' शब्द असलेली जागाच निवडा.

प्रश्न: आमचं क्रूझ नाफ्प्लिओला सकाळी आठ ते पाच थांबणार आहे. जहाजाची सहल घ्यावी की खासगी गाडी? (दुबई)

उत्तर: खासगी गाडी करा, पण वेळेचं गणित नीट घाला. मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, खाडीत नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी माणसं उतरवतात. जहाजाच्या सहलवाल्यांना आधी सोडतात, त्यामुळे तुमचा पाय जमिनीला लागायला नऊ वाजले असं धरा. साडेनऊ ते अकरा मायसीनी, बारा ते सव्वा एक एपिडॉरस, दोनला परत धक्क्यावर. परतीची शेवटची बोट जहाज सुटण्याच्या बरीच आधी असते; वेळ 'पाच' नाही, ती बोट.

जहाजाची स्वतःची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं, तुमच्यासाठी थांबणार नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेला लावलेलं आहे की गावाच्या, हे उतरतानाच विचारा, कधी कधी त्यात तासाचा फरक असतो. वाऱ्यामुळे जहाज बंदर गाळतं तेव्हा आगाऊ पैसे परत मिळतील का, हे गाडीवाल्याकडून लेखी घ्या. आणि जहाज मध्येच तुर्कस्तानातल्या कुशादासीला जाणार असेल तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो.